चुन्याची निवळी

थोरलीचं लग्न जमलं नाही, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. दोनदा जमलं होतं. दोन्ही वेळा तिच्या वडिलांनीच मोडता घातला, एकदा मुलाच्या खोकल्याचं निमित्त काढून आणि एकदा काही निमित्त न काढताच. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगी दिली की तिच्याबरोबर खळही परक्या घरात जाणार.

खळ म्हणजे पुस्तकं बांधायची खळ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोठे तांब्याचे हंडे होते, त्यांत ती शिजायची. तिथून काचेच्या बरण्यांत भरून बाइंडरांकडे, ग्रंथालयांत, कोर्टाच्या जुन्या कागदांच्या खोलीत जायची. आजोबांनी सुरू केलेला धंदा. बरणीवर चिठ्ठी असे, तिच्यावर घराचं नाव असे, पण आत काय आहे त्याचा एक शब्द नसे. गव्हाचं सत्त्व, लवंगेचं तेल आणि तुरटी, इतकंच तर होतं. पण बाबा कुणाला ताकास तूर लागू देत नसत. सत्त्व एका दुकानातून आणायचं, तेल दुसऱ्यातून, तुरटी गावाच्या टोकाच्या तिसऱ्याच दुकानातून. पोती आली की त्यांच्यावरची अक्षरं स्वतःच्या हाताने खरवडून काढायचे. एकदा एक ग्राहक बोलता बोलता शेडच्या दारातून आत डोकावला, तर बाबांनी हंड्यावर झाकण टाकलं आणि तो जाईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. आतली खळ करपली. ती अख्खी फेकून दिली, पण झाकण काही उचललं नाही.

थोरली अठराव्या वर्षापासून त्या हंड्यांपाशी उभी होती. धाकटा तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. तो शिकला, इस्त्रीचे शर्ट घालून ऑर्डरी आणू लागला. तो एकवीस वर्षांचा झाला त्या दिवशी बाबांनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक बंद पाकीट हातात दिलं. आत खळीची कृती होती, बाबांच्या हस्ताक्षरात, मापांसकट.

"घरातल्या पुरुषापाशी असावी," बाबा म्हणाले.

थोरली चहा घेऊन तिथेच उभी होती. तिच्या दोन्ही मनगटांवर वाफेने भाजल्याचे डाग होते. तिला राग आला. पण दुसऱ्या दिवशी चाळीस बरण्या जायच्या होत्या, म्हणून ती लवकर झोपली.

पुढे तीनेक वर्षांनी बाइंडरकाका एक पुस्तक घेऊन आले. बाइंडरकाका म्हणजे बाबांचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक, थोरलीला परकरात असल्यापासून पाहिलेले. पुस्तक त्यांनी स्वतःच बारा वर्षांपूर्वी बांधलं होतं, याच घरच्या खळीने. त्यांनी ते टेबलावर उघडलं. शिवणीपाशी पानं चहात बुडवल्यासारखी तांबूस झाली होती. काकांनी नखाने नुसतं टेकवलं, तर कडेचा कपटा तुटून पडला.

"कागद भिकार," बाबा म्हणाले.

"बाहेरून चांगला आहे की. जिथे खळ लागली तिथेच असं झालंय."

"कागद भिकार," बाबा पुन्हा म्हणाले आणि विषय संपला.

काका गेल्यावर थोरली म्हणाली, "बाबा, तुरटी थोडी कमी करून बघू या का?"

बाबांनी ढवळायचा लाकडी दांडा हंड्याच्या काठावर असा आपटला की तो मधोमध चिरला. "माझ्या बापाने तुरटी घातली, मी घातली. तू कोण गं आलीस शहाणी?"

त्या दिवसापासून ती बोलायची थांबली आणि करून बघायला लागली. शेडच्या भिंतीला दरवर्षी चुना लागायचा. तिने पाहिलं होतं की ओलीच्या दिवसांत शेडभर बुरशी येते, पण जिथे चुन्याचे ओघळ गेलेत तिथे येत नाही. मग तिने वाडग्यांत थोडी थोडी खळ शिजवली, कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, काही न्हाणीघरात ओलीला टांगल्या, काही छपरावर उन्हात ठेवल्या. बाबांनी विचारलं, तर कागद पारखतेय म्हणाली. दोन वर्षं हे चाललं, आणि शेवटी जमलेली कृती अशी होती. तुरटी पूर्ण काढायची. तिच्या जागी चुन्याची निवळी घालायची, म्हणजे चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की वर जे स्वच्छ पाणी राहतं ते. पण विस्तवावर घातली तर खळ पिवळी पडते. हंडा खाली उतरवायचा, त्याला तळवा लावून दहा आकडे मोजता येतील इतका निवू द्यायचा, आणि मगच सुतासारखी धार धरायची. आणि त्याआधी सत्त्व नऊ दिवस पाण्यात ठेवायचं, रोज पाणी बदलायचं. आठव्या दिवशी केलं तर गुठळी होते. दहाव्या दिवशी वास येतो.

वर्षभरात घरातून बाहेर जाणारी सगळी खळ तिची झाली. बाबांना तिने कळू दिलं नाही. सांगून त्यांचा अपमान कशाला करायचा, असं तिला वाटे. आणि खरं म्हणजे तिला त्या दांड्याची भीतीही वाटे. तुरटीचं पोतं मात्र दर महिन्याला येतच राहिलं, कारण बाबा पोती मोजायचे. थोरली ती तुरटी बादलीत विरघळवून मागच्या मोरीत ओतून द्यायची. अशी पंधरा वर्षं. त्या मोरीच्या तोंडाशी दगड इतका लख्ख पांढरा झाला होता की पाहुणे विचारत, हा कुठून आणला.

बाइंडरकाका मधूनमधून म्हणायचे, "हल्ली तुमच्या खळीला काय झालंय? कीड फिरकत नाही, पान पिवळं पडत नाही." बाबा खुर्चीत रेलून म्हणायचे, "आमच्या घराण्याची कृती आहे ती." थोरली आतून ऐकायची. तिला बरं वाटायचं, आणि नाहीही.

*

थोरली पन्नाशीला आली त्या वर्षी एका मोठ्या गोंद कंपनीचा माणूस घरी आला. त्याने बूट दाराबाहेर काढले, बाबांना वाकून नमस्कार केला, शेड बघायला मागितली नाही. म्हणाला, तुमची खळ आम्हाला आमच्या नावाने विकायला आवडेल. मग धाकट्याकडे वळून सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिला संरक्षण काय आहे?"

"आम्ही कुणाला सांगत नाही," धाकटा म्हणाला.

"ते झालंच. पण उद्या तुमच्याकडचं कुणी फुटलं, किंवा कुणी प्रयोगशाळेत बरणी उघडून शोधून काढलं, तर? पेटंट नाही?"

धाकट्याचा चेहरा पडला. त्याला कुणी अडाणी म्हटलेलं चालत नसे. तो माणूस गेल्यावर त्याने पेटंटचं काम करणाऱ्या वकीलबाई शोधून काढल्या. त्यांनी सांगितलं, कृती लिहून आणा आणि एक बरणी तपासून घ्या. त्याने पाकिटातला कागद आणि बरणी दोन्ही दिली. आठवड्याने तो शेडमध्ये आला तेव्हा त्याच्या एका हातात बाबांचा कागद होता आणि दुसऱ्या हातात प्रयोगशाळेचा अहवाल.

"ताई," तो म्हणाला, "कागदात तुरटी आहे. बरणीत नाही. बरणीत चुना आहे."

थोरलीने शेगडी बारीक केली.

"बाबा म्हातारपणी विसरले की काय?"

"बाबांनी बारा वर्षांत हंड्याला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "आणि त्याच्याही आधीपासून ही माझी आहे."

धाकटा रिकामं खोकं उपडं घालून त्यावर बसला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "सांग."

आणि तिने सांगितलं. पुढे कित्येकदा तिने स्वतःला विचारलं की का सांगितलं, निदान हातचं थोडं का राखलं नाही. एखादा दिवस कमी सांगायचा, एखादी खूण गाळायची. पण त्या दुपारी तिला ते सुचलंसुद्धा नाही. तीस-बत्तीस वर्षांत कुणी तिला विचारलंच नव्हतं की तू हे करतेस कसं. ती दोन तास बोलत होती. दोनदा चहा केला. तळवा लावून दाखवला, धार कशी धरायची ते दाखवलं, जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या काढून आणल्या. धाकटा मध्येच थर्मामीटर बुडवून आकडा लिहून घेत होता. "दहा आकडे मोजता येतील इतका" याचे त्याने अंश करून टाकले. तिला हसू आलं.

"फक्त बाबांना सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली.

"वेड लागलंय का मला?"

वकीलबाईंनी खळ करणाऱ्या माणसालाही आणा म्हटलं, म्हणून थोरली त्यांच्या ऑफिसात गेली. जिना चढता चढता धाकटा म्हणाला, "ताई, एक गोष्ट आहे. अर्जावर तुझं नाव घातलं तर ते छापून येतं. बाबांना कळणारच. मग काय करूया, तूच सांग."

ती म्हणाली, "मग नको घालूस."

एका मजल्याच्या चढणीत हे संपलं.

वकीलबाई साध्या होत्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "नीट ऐका. गुपित असतं तोवर ते तुमचं, कितीही वर्षं. पण कुणी स्वतःच्या डोक्याने शोधलं तर तुम्ही काही करू शकत नाही. पेटंटचं उलटं. तिथे सगळं उघड लिहून द्यायचं, अगदी दुसऱ्याला वाचून करता येईल असं. त्या बदल्यात वीस वर्षं दुसरं कुणी ते करायचं नाही. पण अर्ज दीड वर्षाने छापला जातो, मंजूर झालेला असो वा नसो. एकदा छापला की गुपित परत पोटात घालता येत नाही. त्याआधी मागे घेता येतो."

"मंजूर होईल ना?" धाकट्याने विचारलं.

"गोष्ट नवी असेल तर. ही खळ तुम्ही बाजारात कधीपासून विकता?"

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं.

"बाबांची जुनी होती ती तीन पिढ्यांची," तो म्हणाला. "ही सुधारलेली आत्ता, पाचसहा महिने."

"आणि सुधारली कुणी? शोध ज्याचा, त्याचंच नाव लागतं. उगाच घरातल्या कर्त्याचं लावू नका."

"मीच," धाकटा म्हणाला.

वकीलबाईंनी थोरलीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. थोरली मूग गिळून बसली. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यातले वार ती वाचत राहिली.

*

दीड वर्षाने अर्ज छापून आला. घरात ते कुणी बोललं नसतं, पण बाइंडरकाकांचा एक भाचा पेटंटच्या खात्यात कारकून होता. त्याने छापील पानं काढून दिली आणि काका उत्साहाने ती घेऊन थेट बाबांच्या खोलीत आले. "घराण्याचं नाव काढलंत! सरकारी कागदात छापून आलंय तुमच्या पोराचं!" बाबांना आता नीट दिसत नव्हतं. ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "वाचा, वाचा, मोठ्याने वाचा."

थोरली शेडमधून आली तेव्हा काका अर्ध्यावर होते. बाबांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. मग काकांनी वाचलं, "प्रस्तुत शोधात, पारंपरिक कृतीतील तुरटीमुळे कागदाची होणारी हानी टाळण्यासाठी, तुरटी पूर्णतः वगळून..."

"काय म्हणालात?" बाबा म्हणाले.

काकांनी पुन्हा वाचलं. वाचतानाच त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज खाली गेला.

बाबांनी धाकट्याला बोलावून घेतलं. तो आला, दारातच उभा राहिला. "हे तुझं नाव आहे?" बाबांनी विचारलं. "माझ्या बापाच्या कृतीने कागदाची हानी होते, हे तू छापून आणलंस?"

थोरली वाट बघत होती. तिला वाटलं, आता हा म्हणेल, हो बाबा, मी बदलली. नाव घेतलंय तर बोलणीही घेईल. जिन्यात तसंच ठरलं होतं, असं तिने धरलं होतं.

"नाव माझं आहे," धाकटा म्हणाला, "पण बदल ताईने केलाय. पंधरा वर्षं करत होती, तुम्हाला न विचारता. मलासुद्धा आत्ता आत्ता कळलं."

काकांनी पानं घडी करून मांडीवर ठेवली.

"आणि तुरटी?" बाबांनी तिला विचारलं. "तुरटी तर येत होती."

"मोरीत टाकत होते."

"सगळी?"

"सगळी."

बाबा उशीवरून सरळ झाले. मग म्हणाले, "म्हणजे लोक इतकी वर्षं येऊन माझी पाठ थोपटत होते, आणि तू आत उभी राहून हसत होतीस."

"हसत नव्हते, बाबा."

पण त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायचे थांबले. तिने ताट ठेवलं की जेवत, तिने हात धरला की उठत, तिने चादर बदलली की दुसरीकडे सरकत. काही हवं असेल तर रविवारी धाकटा आपल्या वेगळ्या घरून येईपर्यंत थांबत आणि त्याला सांगत. एकदा त्यांचं औषध संपलं होतं, तर तीन दिवस त्यांनी ते तिला कळू दिलं नाही. धाकट्याला त्यांनी महिनाभरात माफ केलं. त्याचं काय, तो तरी निदान विचारून करतो, असं ते काकांना म्हणाले.

अर्ज अजून तपासणीत होता. तेवढ्यात त्याला हरकत आली. हरकत घेणारी तीच गोंद कंपनी, जिचा माणूस बूट बाहेर काढून आला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ही खळ नवी नाही, कित्येक वर्षं बाजारात उघड विकली जातेय. पुरावा म्हणून त्यांनी एक बरणी हजर केली. अकरा वर्षांपूर्वीची, तळाशी वाळकी खळ शिल्लक असलेली, चिठ्ठीवर तारीख शाईने लिहिलेली. खळ तपासली होती. तुरटी नाही, चुना आहे.

ती तारीख बाइंडरकाकांच्या अक्षरात होती.

काका स्वतःच सांगायला आले. शेडच्या दारात उभे राहून टोपी चुरगाळत राहिले. "मला काय माहीत गं, तो कंपनीचा आहे ते. इतका गोड माणूस. म्हणाला, जुन्या वस्तूंचा संग्रह करतो, एखादी जुनी बरणी असेल तर द्या. मला वाटलं, तुमच्याच घराची शोभा."

"बसा," थोरली म्हणाली. "चहा टाकते."

"शिव्या तरी दे."

"तुम्ही खरीच बरणी दिलीत ना? मग?"

अर्ज नाकारला गेला. वकीलबाईंनी दोघांना बोलावून निकाल वाचून दाखवला. धाकट्याला त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पाचसहा महिने सांगितले होते. खरं सांगितलं असतंत तर मी अर्जच करू दिला नसता." धाकटा फोन आल्याचं दाखवून बाहेर गेला.

थोरली उठायला लागली तशी वकीलबाईंनी विचारलं, "शोध तुमचा होता ना?"

"हो."

"मला त्याच दिवशी वाटलं होतं. पण मी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत, आणि मीही पुढे रेटलं नाही."

"मी बोलले असते तर मिळालं असतं?"

वकीलबाईंनी खोटं सांगितलं नाही. "नाही. विकायला काढल्याला पंधरा वर्षं झाली होती. नाव कुणाचंही असतं तरी नाकारलंच असतं. पण तुम्ही कधीपासून विकता हे मला समजलं असतं. मी सांगितलं असतं, घरी जा आणि तोंड बंद ठेवा. एवढंच."

"मग आता ती कृती कुणाची?"

"आता कुणाचीच नाही. म्हणजे सगळ्यांची."

वर्षाच्या आत कंपनीची खळ दुकानांत आली, मऊ नळीत भरलेली, टोपण फिरवलं की हवी तेवढी बाहेर येणारी. काकांनी एक नळी आणून दिली. थोरलीने ती अंगठ्याने पिळली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली, एक पट्टी चिकटवून उन्हात ठेवली. तिच्या मनात कुठेतरी होतं की यांना जमणार नाही, आठव्या दिवशी घाई करतील, धार जाड धरतील. पंधरा दिवसांनी तिने पट्टी उतरवली. पांढरी स्वच्छ होती. गुठळी नव्हती. धाकट्याने सगळं इतकं नीट लिहून घेतलं होतं की कुठे चुकायला जागाच नव्हती.

ग्रंथालयांनी नळ्या घ्यायला सुरुवात केली. मग कोर्टाने. रिकाम्या बरण्या पुन्हा भरायला यायच्या थांबल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात हंडे मोडीत गेले. ते उचलायला तीन माणसं लागली. एकाने विचारलं, "यात काय शिजवायचात?" थोरलीने सांगितलं. लपवायचं आता होतंच काय?

*

काकांनी तिला आपल्या कारखान्यात जागा दिली. खिडकीपाशी एक टेबल, वर दिवा, आणि समोर दुरुस्तीला आलेली जुनी पुस्तकं. त्यांना आधी सोडवावं लागतं. जुन्या बांधणीची खळ दगडासारखी झालेली असते, ओली केली तर पान फुगतं, खरवडली तर फाटतं. थोरलीला तिथे बसल्या बसल्या वाटलं, मुळातच अशी खळ का असू नये, जी शंभर वर्षं धरून ठेवेल, पण सोडवायची म्हटली तर ओल्या स्पंजच्या एका हाताने सुटेल? तिने पुन्हा वाडगी मांडली, काकांच्या कारखान्याच्या मागच्या ओट्यावर. सात महिने गेले. मग एके दिवशी एक पुठ्ठा, जो तिने दोन्ही हातांनी ओढूनही निघाला नव्हता, स्पंज फिरवून मिनिटभर थांबल्यावर आपसूक वर आला. खालचं पान कोरडंठाक होतं.

काकांनी ते पाहिलं. "काय घातलंस?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःचेच कान पकडले. "नको, नको. मला सांगू नकोस."

तिने सांगितलं नाही. लिहूनही ठेवलं नाही.

त्याच महिन्यात एका रविवारी धाकटा आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, ते त्याने सुटीच्या दिवशीही काढलं नव्हतं. त्याच गोंद कंपनीने त्याला नोकरी दिली होती. अर्ज नाकारला गेला असला तरी त्यावर शोधकर्ता म्हणून नाव त्याचंच होतं, आणि कंपनीला असं नाव कामाचं वाटलं. बाबांच्या खोलीत तासभर बसून तो स्वयंपाकघरात आला. थोरली भांडी पुसत होती. त्याने एक फडका घेतला आणि पुसू लागला. असं तो कधी करत नसे.

"ताई, तुझ्यावर अन्याय झाला," तो म्हणाला.

ती पेले पुसत राहिली.

"मी विचार करतो त्याचा. खरंच करतो. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा." त्याने ताटली खाली ठेवली. "साहेब मला विचारतायत, पुढचं काय. त्यांना वाटतं, मी आणखी काहीतरी काढीन. मला कुठून येणार? तुला माहीतच आहे. तर मी म्हटलं... तुझ्या डोक्यात आहे का काही? ह्या वेळी तुझं नाव पहिलं. मी लिहून देतो. शपथ."

"नाही," थोरली म्हणाली.

"काहीच नाही?"

"मी पुस्तकं सोडवते, बाबा रे. माझ्या डोक्यात काय असणार?"

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. जन्मात ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती, त्यामुळे तिला ते येतं की नाही हे त्यालाही माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. तिने पुसलेला पेला पुन्हा पुसला. शेवटी त्याने मान हलवली, ओळखपत्र सरळ केलं, बाबांना हाक मारून येतो म्हणाला आणि गेला. दार लागलं.

आतल्या खोलीतून खोकला ऐकू आला. मग बाबांचा आवाज आला, घोगरा, आणि त्यात तिचं नाव नव्हतं, पण घरात दुसरं कुणी नव्हतं. चार वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते.

"काका सांगत होते, तू काहीतरी नवीन केलंयस म्हणून."

ती दारापाशी जाऊन उभी राहिली. ओला फडका हातातच होता.

"सांगून टाक की त्याला," बाबा म्हणाले. "त्याची नोकरी आहे, पोरंबाळं आहेत. तू स्वतःपाशी ठेवून काय करणारेस?"

थोरली आत गेली, त्यांच्या पाठीमागची उशी घसरली होती ती वर केली, आणि विचारलं, "पाणी देऊ?"

"दे," ते म्हणाले.

तिने पाणी दिलं.